औंदाची थंडी

"कातरू नका," आत्याबाई म्हणाल्या.

कातर हातात धरून बसलेले पुरुष थांबले. दसरा होऊन गेला होता. मेंढरं ओढ्यात धुऊन, उन्हात वाळवून तयार होती आणि पहिली मेंढी पाय बांधून आडवी पाडलेली होती. आत्याबाई तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. मानेखालच्या लोकरीत त्यांनी बोटं खुपसली आणि वैद्यानं नाडी बघावी तशा डोळे मिटून बसून राहिल्या.

"का गं आये?" आमचे हे म्हणाले. "कातरल्याबिगर कोकणात न्यायची म्हंजी काय उकडून मारायची व्हय?"

"खालची लव बग कशी दाटलीया. औंदा थंडी मारती."

"मला तर मागल्या सालावानीच दिसतीया."

"तुला दिसायला लागलं की मी डोळं मिटीन. सोड तिला."

बाकीचे हसले, ह्यांनी मेंढी सोडली आणि कातरी परत फडक्यात गेल्या. ह्यांच्या मनात नव्हतं, पण आत्याबाईंनी थंडीचं सांगितलं की त्यावर बोलायची आमच्यात रीत नव्हती.

आम्ही माणदेशातले धनगर. दिवाळी झाली की आमचं घर दोन जागी व्हायचं. थोरले दीर म्हाळाप्पा आणि माझी जाऊ हौसाक्का गावात राहून कोरडवाहू ज्वारीचा तुकडा बघायचे. आम्ही दोघं, आत्याबाई आणि भावकीतली दोन बिऱ्हाडं मेंढरं घेऊन घाट उतरायचो. भाताच्या खाचरात मेंढरं बसवायची, लेंड्यांच्या खताबदली धान्य घ्यायचं आणि पावसाच्या आत माघारी यायचं. मामंजी वारल्यापासून कधी निघायचं, कुठल्या वाटेनं जायचं, कातरायचं की ठेवायचं, हे सगळं आत्याबाई ठरवायच्या, आणि त्या ते रानाला विचारून ठरवायच्या.

त्यांच्या खुणा आम्हा सगळ्यांना पाठ होत्या. शेपटी हलवत पाण्याकाठी चालणारा तो काळापांढरा परीट पक्षी दसऱ्याच्या आत आला, तर थंडी कडक. दिवाळीनंतर आला तर नावापुरती. मधमाशांचं मोहोळ खाली झुडपात, बांधाच्या आडोशाला लागलं तर कडक, उंच झाडावर उघड्यावर लागलं तर नाही. मुंग्यांनी वारुळाच्या तोंडाशी मातीचा बांध घातला तर कडक. आणि सगळ्यांत शेवटी मेंढीच्या मानेखालची लव. खुणा पाठ असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. एका वर्षी त्यांनी कार्तिकातच घाट उतरायला लावला, तेव्हा शेजारच्या वाड्यावरच्यांनी आम्हाला भित्रे म्हणून चिडवलं होतं. त्या पौषात ते घाटावरच होते, आणि त्यांची कोकरं रोज सकाळी ताठलेली निघाली. तेव्हापासून शेजारचेही निघायच्या आधी आमच्या म्हातारीला विचारून जायचे.

त्या संध्याकाळी मी भाकरी थापत होते. माझी शेवंता, सव्वा वर्षाची, माझ्या पाठीला धरून उभी राहत होती, पडत होती, परत उभी राहत होती. आत्याबाई येऊन चुलीपाशी बसल्या. चुलीतलं एक लाकूड त्यांनी आत सारलं.

"भामे," शेवटी म्हणाल्या, "पोरीला औंदा रानात न्यायची न्हाई."

मला आधी कळलंच नाही. "म्हंजी?"

"बेंदराला छाती भरली हुती तिची. तेवढ्या गारठ्यात उघड्यावर न्हाई टिकायची ती. हौसीपाशी ऱ्हाऊ दे. भिंतींचं घर हाय, दार हाय."

"अंगावर पिती आत्याबाई ती!"

"तोडायची. सव्वा वरसाची झाली, भाकरी खाती."

 आमच्यात लेकरं रानातच वाढतात. घोड्यावर बिऱ्हाड लादलं की त्यावर झोळी, झोळीत लेकरू, शेजारी टोपल्यात कोंबड्या. शेवंता स्वतः गेल्या हिवाळ्यात तशीच घाट उतरली होती, अवघी चार महिन्यांची असताना. मी ते बोलून दाखवलं.

"गेलसाल येगळं, औंदा येगळं," आत्याबाई म्हणाल्या. "परीट घटाच्या दिवशीच आलाय. वड्याच्या वरल्या अंगाला बगितला म्या. पौषात दवाचा बरफ हुईल. मग त्या रानात कुनापाशी पळशील पोर घिऊन?"

हौसाक्का माझ्यासमोरच बसून लसूण सोलत होती. तिच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. तिनं मान वर केली नाही. लसणाची एकच पाकळी ती कितीतरी वेळ सोलत राहिली.

रात्री मी ह्यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "आय कधी चुकलीया का? पोरगी जित्ती ऱ्हायली तर धा हिवाळं आपल्यासंगं काढंल. एक हिवाळा काढ की कळ."

एक हिवाळा. त्याच शब्दावर मी राजी झाले. डोळ्यांसमोर ती ताठलेली कोकरं येत होती, दुसरं काही येतच नव्हतं.

लेकरू तोडायचं म्हणजे काय ते आईलाच ठाऊक. कडुलिंबाचा पाला वाटून मी अंगाला लावला. शेवंता सवयीनं आली, तोंड लावलं, तोंड वाकडं केलं आणि माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. परत एकदा तोंड लावून बघितलं. मग मात्र तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून हौसाक्का धावत आली आणि तिला उचलून बाहेर चांदण्यात घेऊन गेली. दिवाळीपर्यंत ती हौसाक्काच्या कुशीत झोपायला लागली. मला बरं वाटावं की वाईट, तेच समजेना.

निघायच्या सकाळी हौसाक्का तिला घेऊन गोठ्यामागं गेली, मुद्दामच, तिनं बघू नये म्हणून. घोडी हलली, कुत्री पुढं पळाली. मी चालत होते, मान मागं होती. आत्याबाई माझ्या शेजारून चालत होत्या. त्यांनी माझा हात धरला. त्यांनी असा माझा हात कधी धरला नव्हता. मला वाटलं, म्हातारीला माझं दुःख कळतंय.

पहिले पंधरा दिवस मी थंडीची वाट बघितली, देवाची बघावी तशी. खरंच सांगते, कडाक्याची थंडी पडावी म्हणून मी धुळदेवाला नवस बोलले. थंडी पडली म्हणजे मी शेवंताला ठेवून आले ते बरोबर झालं असतं. रोज पहाटे उठून गवतावर हात फिरवायची. दव असायचं, साधं, बोटाला जेमतेम ओल लागेल इतकं.

भोरच्या अलीकडे एका नदीकाठी आम्ही उतरलो होतो. तिथं वाळूवर दोनचार परीट तुरुतुरु पळत होते.

"हे तर आत्ता येताना दिसत्यात आत्याबाई," मी म्हणाले.

"आपल्याकडं आदी आलं असतील," त्या म्हणाल्या आणि वाघर ताणायला गेल्या. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावतात ते जाळं. ते ताणायचं काम पुरुषांचं. त्या दिवशी त्यांनी ते कशाला हातात घेतलं, याचा मी विचार केला नाही.

घाट उतरलो आणि मेंढरांचे हाल सुरू झाले. लोकर न कातरलेली, वर कोकणातली दमट हवा. मेंढरं दुपारी तोंडं उघडी टाकून धापायची. लोकरीत गोचिड्या झाल्या, काहींच्या कातडीला चट्टे पडले, एक गाभण मेंढी गेली. शेवटी हे न विचारताच कातर घेऊन बसले. आत्याबाई समोरून बघत राहिल्या.

"म्हातारीची थंडी वाटंतच चुकली वाटतं," भावकीतला सोमा म्हणाला. "येती म्हनाली हुती, यस्टी चुकली असंल."

सगळे हसले. एरवी त्याचं थोबाड रंगलं असतं. आत्याबाई खाली मान घालून तंबाखू मळत राहिल्या.

पौषात गावाकडचा एक माणूस महाडच्या बाजाराला भेटला. मी आधी शेवंताचं विचारलं. बरी आहे म्हणाला, चालायला लागलीय, सगळ्या आळीत फिरते. मग मी थंडीचं विचारलं.

"थंडी?" तो म्हणाला. "औंदा कसली थंडी! लोकं अंगनात झोपत्यात. घोंगडी काढायचं कामच पडलं न्हाई."

त्या रात्री मी ह्यांना म्हणाले, मी गावी जाऊन पोरीला घेऊन येते. हे तयार झाले होते. पण आत्याबाई मधे पडल्या. माघात थंडी उलटते म्हणाल्या. माघ गेला. मग म्हणाल्या, आता उन्हाळा तोंडावर आला, त्या तेवढ्याशा जिवाला घाटाची दगदग कशाला, महिन्यादोन महिन्यांचा तर प्रश्न. मी घोंगडीत तोंड घालून रडायची. अंगात दूध आटून गेलं होतं, तरी कुठल्या बिऱ्हाडातलं लेकरू रडलं की छाती दुखायची.

जेठात आम्ही गावाच्या शिवारात आलो. मेंढरं माळावर लागेपर्यंत मला धीर धरवला नाही. मी पुढं पळत सुटले. दारात पोचले तेव्हा शेवंता अंगणात बसून खापरांशी खेळत होती. केस वाढले होते, त्याची इवलीशी वेणी घातलेली. पायात वाळा होता, तो हौसाक्काचा पैंजण मोडून केलेला मी लगेच ओळखला.

"शेवू!" मी हाक मारली.

तिनं वर बघितलं. मी दोन्ही हात पसरून वाकले, तशी ती उठली, घाबरून दोन पावलं मागं गेली आणि वळून घरात पळाली.

"आये! आये! बाई आली!"

हौसाक्का तिला कडेवर घेऊन बाहेर आली. मला बघून तिचा चेहरा आधी फुलला आणि मग पांढराफटक पडला.

"अगं, हीच तुझी आये, शेवू," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मी रोज सांगत हुते गं भामा. तुझ्या गळ्याची आन. रोज सांगत हुते, तुझी आये येनार म्हनून. न्हाई ध्यानात राहिलं तिच्या."

तिच्यावर मला रागावता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण तिनं माझ्या पोरीला दुधातुपात ठेवली होती आणि खरंच रोज सांगितलं होतं. आळीतल्या बायकांनी मला तसं सांगितलं. शिवाय हौसाक्का स्वतःही खुलली होती. मी नांदायला आल्यापासून तिला कधी गाणं म्हणताना ऐकलं नव्हतं, ती आता जात्यावर गात होती.

संध्याकाळी मी आत्याबाईंना शोधत माळावर गेले. त्या एका लंगड्या कोकराच्या खुराला तेल लावत होत्या.

"थंडी कुठं गेली आत्याबाई?" मी विचारलं.

त्यांनी तेलाचं बोट खुराच्या फटीत फिरवलं.

"तुमच्या खुणा कशा चुकल्या?"

"खुना चुकत न्हाईत," त्या म्हणाल्या. कोकरू सोडलं आणि हात लुगड्याला पुसले. "परीट दिवाळी झाल्याव आला. मोहोळ पिंपळाच्या शेंड्याला हुतं. मुंग्यांनी बांध घातला न्हवता. मेंढीच्या मानंखाली काय बी न्हवतं. औंदा थंडी पडायची न्हवती. मला ठावं हुतं."

"मग खोटं का सांगितलं?" मी विचारलं.

"भादव्यात म्हाळाप्पा दुसरी बायकू बगून आला," त्या सांगायला लागल्या. "कुनाला बोलला न्हाई. हौसीला कळलं. एक दिस पहाटं मी हिरीवर गेले, तर ही काठाला बसल्याली. पदरात धोंडा बांधून. म्या वडून आनली. कुनाला सांगितलं न्हाई, तुमालाबी न्हाई. पन रोज वडायला कोन जानार? दिवाळी झाली की मी तुमच्यासंगं रानात. मेंढरं सोडून बसू का तिच्या राखनीला? आन बसले असते तरी किती दिस?"

"म्हणून माझी पोर?"

"कडंवर पोर असल्याली बाई हिरीत उडी घेत न्हाई, भामे."

 माळावर मेंढरं चरत होती, नव्यानं कातरलेली, अंगावर चट्ट्यांचे डाग घेऊन. एवढी मेंढरं त्यांनी माझ्या पोरीसाठी रचलेल्या खोट्यापायी उकडून काढली होती. एकीला मारली होती.

"मला मागायची होती की," मी म्हणाले. "हात जोडून मागायची होती. सांगायचं होतं, असं असं आहे."

"दिली असतीस?"

सोडलेलं कोकरू लंगडत माझ्याकडे आलं, मी त्याला जवळ ओढून धरलं.

"म्हनून न्हाई मागितली," आत्याबाई म्हणाल्या. "तुझी कूस हिरवी हाय. तुला आनि हुतील. तिला एकबी न्हाई."

सासूला मी जन्मात एकदाच उलट बोलले, ती ही वेळ. "तुम्ही तुमची एक सून वाचवली," मी म्हणाले, "आणि दुसरीची पोर मारली."

"जित्ती हाय की गं ती."

"मला मेलीच की."

त्यावर म्हातारी रडली. मी तिची समजूत काढली नाही. पुढं त्या चारपाच वर्षं जगल्या, पण थंडीबद्दल त्यांनी परत तोंड उघडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, मला आता दिसत नाही. म्हाळाप्पा भाऊजींनी दुसरी सोयरीक कधी मोडली ते कुणाला कळलंही नाही. त्यांच्या पोटावर शेवंता झोपायला लागली होती, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

पण त्या संध्याकाळी मला यातलं काहीच दिसत नव्हतं. मला माझं लेकरू पाहिजे होतं. मी तडक घरी गेले आणि हौसाक्काला म्हणाले, "मी शेवूला माळावर नेते."

"ने की," ती म्हणाली. "तुझीच हाय." तिनं कपड्यांचं गाठोडं बांधून दिलं, वर गुळाचा खडा दिला, आणि रात्री शेवंताला पाणी लागतं, उशाला तांब्या ठेव, असंही सांगितलं.

दोन दिवस शेवंता माळावर माझ्यापाशी होती. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी घसा बसला, तेव्हा नुसती गावाच्या दिशेला तोंड करून बसली. भाकरी तोंडात घातली की तशीच बाहेर काढायची. मी गाणी म्हटली, कोकरं आणून तिच्या मांडीवर ठेवली, घोडीवर बसवलं. रात्री झोपेत ती माझ्याकडे सरकली आणि मी श्वास रोखून पडून राहिले. मग तिनं माझं अंग हुंगलं आणि झोपेतच दूर सरली. परका वास आलेल्या कोकराला मेंढी लोटून देते, हे मी कैकदा बघितलं होतं. कोकरानं आईला लोटलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

"रमंल," हे म्हणाले. "लेकराची जात. आठ दिसांत इसरंल तिला."

विसरेल, हे मलाही ठाऊक होतं. आठ दिवसांत नाहीतर महिन्यात विसरली असती. मला विसरली होती तशीच. दोन वर्षांच्या आत एकाच लेकराची आई दुसऱ्यांदा तुटली असती. आणि तिकडे ती विहीर होतीच.

तिसऱ्या सकाळी मी शेवंताला उचललं आणि गावात गेले. गाठोडंही बरोबर घेतलं. का घेतलं ते कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. उंबऱ्याबाहेर पायताणं काढून आत शिरले, तर हौसाक्का परातीत पीठ मळत बसली होती, दाराकडे पाठ करून. दोन दिवसांत तिनं वेणीफणी केलेली दिसत नव्हती. शेवंतानं तिला बघितलं आणि बसक्या घशानं रडत माझ्या कडेवरून वाकून दोन्ही हात पुढं केले.

हौसाक्का वळली नाही.

"आक्का," मी म्हणाले.

"रडू दे तिला, भामा," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "तुझी हाय ती. मी हात न्हाई लावायची. रमंल. घिऊन जा." पीठ केव्हाच मळून झालं होतं, तरी ती मळत होती.

शेवंता माझ्या कडेवर ताठ झाली होती. तिची सगळी ओढ पुढं होती आणि मी तिला मागून धरलं होतं. तिला किती घट्ट धरलंय ते मला माझ्या बोटांकडे बघितल्यावर कळलं. मी खाली बसले. तिला जमिनीवर उभी केली. तिचं नाक पदरानं पुसलं, वेणी सारखी केली. ती पळाली नाही. तिला वाटलं असावं, ही बाई परत उचलेल.

"जा, शेवू," मी म्हणाले. "तुझ्या आयेकडं जा."

रडणं तिथंच थांबलं. तिनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं, खरं की खोटं ते बघावं तसं, आणि धावत जाऊन हौसाक्काच्या पाठीला मिठी मारली. हौसाक्का पिठाचे हात वर धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. मी बाहेर आले. उंबऱ्याबाहेर पायताणं शोधत किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, समोरच पडलेली, पण मला दिसेनात.